अर्धा दिवस नेमका कुणाच्या सोयीचा?

चार-पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग सरकारी खर्चाने पूर्ण दिवस चालवावा का, हा वाद जगात कुठेही निघाला तरी त्याच दोन बाजू त्याच आवेशात उभ्या राहतात. एका बाजूला आकडेवाले, ते येतानाच ग्राफ घेऊन येतात, आज एक डॉलर घाला आणि पुढे सात डॉलर परत घ्या, जणू मूल म्हणजे फिक्स डिपॉझिटच. दुसऱ्या बाजूला बालपणवाले, त्यांच्या मते दुपारपर्यंत शाळेत ठेवलेलं मूल म्हणजे आईच्या कुशीतून ओढून बाकावर बसवलेलं मूल. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एक साधा प्रश्न टाळतात, की बालवर्ग अर्ध्या दिवसाने सुटल्यावर ते मूल उरलेला दिवस असतं कुठे, कुणाबरोबर आणि त्याचे पैसे कोण भरतं. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत कुणी ताटकळायला नको. ज्या आईबापांना हवा आहे त्या सगळ्यांना पूर्ण दिवसाचा बालवर्ग फुकट मिळाला पाहिजे, पहिली-दुसरीचा वर्ग मिळतो तसाच, आणि सक्ती कुणावरही नको. आणि हे मी या योजनेच्या समर्थकांची निम्मी कारणं मला पटत नसताना म्हणतेय.

मुळात हा अर्धा दिवस आला कुठून? कुणा बालमानसतज्ज्ञाने घड्याळ लावून मोजलं होतं का की या वयाचं मूल अडीच-तीन तासच टिकतं? तसं काही झालेलं नाही. रॉबर्ट ओवेनने १८१६ मध्ये स्कॉटलंडात न्यू लॅनार्कच्या गिरणी वस्तीत लहान मुलांची शाळा काढली ती गिरणीत राबणाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि गिरणीचा दिवस काही अर्ध्यावर सुटत नव्हता. फ्रान्समध्ये त्याच शतकात कामकरी आयांच्या पोरांसाठी जे आसरे निघाले तेही दिवसभराचे. अर्धा दिवस ही खास करून अमेरिकेत रुजलेली गोष्ट आहे आणि तिचा इतिहास गमतीदार आहे. सुरुवातीच्या बालवर्गांत शिक्षिका सकाळी मुलांना घ्यायच्या आणि दुपारी त्याच मुलांच्या घरी जाऊन आयांशी बोलायच्या, म्हणजे शिक्षिकेचं काम पूर्ण दिवसाचंच होतं, फक्त निम्मं घरोघर चालायचं. पुढे बालवर्ग सरकारी शाळांत आला, पैसे कमी, खोल्या कमी, मग कुणीतरी हिशेब केला की बाई दुपारी घरोघर फिरण्यापेक्षा दुसरी बॅच का घेत नाहीत? दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांचा लोंढा आला, शिक्षक मिळेनात, आणि मग डबल शिफ्ट कायमचीच झाली. घरभेटी गेल्या, दुपारची बॅच राहिली. ज्या गोष्टीला आज 'बालसुलभ वेळापत्रक' म्हणून मिरवलं जातं ती एकाच पगारात दुप्पट मुलं बसवायची प्रशासकीय युक्ती होती. ती वाईटच होती असं नाही, अडचण खरीच होती, पण मग तिला अडचणच म्हणा ना.

आता उरलेल्या दिवसाचं बघू. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २०१९ पर्यंत तिथलं राज्य सरकार बालवर्गाच्या मुलामागे निम्म्याहून किंचितच जास्त पैसे द्यायचं, बाकीच्या वेळेसाठी बऱ्याच ठिकाणी शाळा पालकांकडून फी घ्यायच्या. सरकारी शाळेत, सरकारी इमारतीत, सरकारी शिक्षिकेच्या वर्गात दुपारनंतर फी! ज्यांना परवडायचं ते भरायचे, ज्यांना परवडायचं नाही ते पोराला दुपारी घेऊन जायचे आणि मग शेजारी, आजी, मोठी बहीण, टीव्ही, जे जमेल ते. २०१९ मध्ये गव्हर्नर जेरेड पोलिस यांच्या काळात कायदा झाला आणि राज्याने पूर्ण दिवसाचे पैसे द्यायला सुरुवात केली. मला यात एकच विचारायचंय. इतकी वर्षं फी भरून जी मुलं पूर्ण दिवस बसत होती त्यांचं बालपण चोरलं जातंय म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं ऐकलंय का? पूर्ण दिवस विकत घेता येतो तोवर ती सोय असते, आणि तोच सगळ्यांना फुकट द्यायचं म्हटलं की लगेच कोवळ्या जिवांवर अत्याचार, हे कसं काय? अमेरिकेत १९७७ मध्ये बालवर्गातली २८ टक्के मुलं पूर्ण दिवस जायची, २०१३ मध्ये ७७ टक्के. पालकांनी पायांनी मतदान केव्हाच केलंय, वाद फक्त बिलाचा उरलाय.

पण विरोधकांचे काही मुद्दे खरंच वजनदार आहेत आणि समर्थक ते ज्या पद्धतीने सतरंजीखाली सरकवतात त्याचा मला राग येतो. पहिला मुद्दा फायदा विरून जाण्याचा. २०१० मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण दिवस विरुद्ध अर्धा दिवस यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, वर्षाच्या शेवटी पूर्ण दिवसवाली मुलं स्पष्ट पुढे, आणि तिसरीपर्यंत फरक जवळजवळ गायब. हेड स्टार्टची, म्हणजे १९६५ पासून गरीब मुलांसाठी चालू असलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय योजनेची, मोठी तपासणी झाली तेव्हाही पहिलीपर्यंतच फायदा बराचसा ओसरलेला दिसला. टेनेसी राज्याचं तर त्याहून वाईट, तिथल्या सरकारी प्री-केला, म्हणजे बालवर्गाच्या आधीच्या वर्गाला, अर्ज केलेल्या जवळपास ३,००० मुलांचा माग व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी सहावीपर्यंत ठेवला आणि २०२२ मध्ये छापलं की जी मुलं गेली ती न गेलेल्यांपेक्षा मागे होती, मार्कांतही आणि वर्तनातही. हे संशोधन योजनेच्या शत्रूंनी केलेलं नाही, जागा कमी म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिलेल्या मुलांची तुलना आहे, तिला नुसता हात झटकून चालत नाही.

आणि समर्थकांचं आवडतं उदाहरण कोणतं? पेरी प्री-स्कूल. मिशिगनमधलं इप्सिलँटी गाव, १९६० चं दशक, एकूण १२३ मुलं, त्यातली निम्म्याहून कमी प्रत्यक्ष वर्गात. ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला, नोकरी, कमाई, तुरुंग सगळं पाहिलं गेलं, आणि जेम्स हेकमन यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञाने त्यावर हिशेब केले, म्हणून ते डॉलरचे आकडे सगळीकडे फिरतात. पण पेरीचा वर्ग अर्ध्याच दिवसाचा होता! रोज सकाळी अडीच तास आणि दर आठवड्याला शिक्षिका घरी यायची. म्हणजे जी घरभेट डबल शिफ्टने मारली तीच पेरीत होती. तर पूर्ण दिवसाच्या बाजूने पेरीचा दाखला देणाऱ्यांनी निदान तो प्रयोग काय होता हे एकदा वाचावं. पूर्ण दिवसाचा प्रयोग हवा असेल तर नॉर्थ कॅरोलायनातला अ‍ॅबेसिडेरियन आहे, १९७२ पासूनचा, पण त्यात मुलं तान्ही असल्यापासून घेतली होती आणि तीही १११ च. यातलं काहीच उचलून एखाद्या राज्याच्या लाखभर मुलांना जसंच्या तसं लागू होत नाही.

बरं, मग फायदा विरतो म्हणून पूर्ण दिवस नको का? इथे मला वाटतं प्रश्नच चुकीचा मांडला जातो. तिसरीच्या वर्षाचा फायदा सातवीत मोजता येतो का हे कधी कुणी विचारलंय? आणि नाही मोजता आला तर तिसरीचा वर्ग दुपारी बारालाच सोडून द्यावा, असं कुणी म्हटलंय? शाळेच्या प्रत्येक इयत्तेचं आपण 'मुलांनी त्या वर्षी तिथे असावं' इतक्यावर भागवतो, फक्त बालवर्गाकडूनच तीस वर्षांनंतरच्या पगाराची हमी मागतो. ही हमी मागायची सवय समर्थकांनीच लावली, ग्राफ त्यांनीच आणले. शिवाय विरणं म्हणजे काय हेही बघायला हवं, पहिलीच्या बाई ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी तेच परत शिकवतात, मागची मुलं पुढे येतात, मग फरक कमी होणारच, यात पूर्ण दिवसवाल्या मुलाचं नुकसान कुठे झालं? इंडियानात पूर्ण दिवसाच्या जागा लॉटरीने दिल्या गेल्या तेव्हा मूळची मागे असलेली मुलं वाचनाच्या बाबतीत जास्त वर आली होती, ते पहिलं वर्ष तरी त्यांना बरं गेलं. आणि बॉस्टनमध्ये १९९७ ते २००३ या काळात शहराच्या सरकारी प्री-स्कूलला लॉटरीने लागलेली मुलं शोधून काढली तर परीक्षांच्या मार्कांत फरक नाही, पण वेळेवर कॉलेजला जाण्याचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास जास्त. मधल्या परीक्षांत काहीच दिसलं नाही आणि अठराव्या वर्षी दिसलं. तेव्हा तिसरीच्या मार्कांवरून निकाल लावणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. टेनेसी मात्र मी यात बसवू शकत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करत नाही. तिथे मुलांचं खरंच काहीतरी बिघडलं, आणि त्या वर्गांबद्दल लिहिताना संशोधकांनी काय टिपलं ते महत्त्वाचं आहे, बराच वेळ रांगा लावण्यात, इकडून तिकडे नेण्यात, सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्यांचं ऐकवण्यात. हा धागा पुढे लागणार आहे.

दुसरा वजनदार मुद्दा कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा, आणि तो समर्थकांना सर्वात जास्त झोंबतो. १९९७ मध्ये क्वेबेकने दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. आयांच्या नोकऱ्या वाढल्या यात वाद नाही, अर्थतज्ज्ञ पियेर फोर्तँ यांच्या गटाचा हिशेब होता की २००८ पर्यंत सुमारे ७०,००० आया यामुळे कामावर आल्या आणि त्यांच्या करातून सरकारचा खर्च भरून निघाला. पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या तीन अर्थतज्ज्ञांनी मुलांकडे पाहिलं तर चिडखोरपणा, अस्वस्थता वाढलेली, आईबापांचं मुलांशी वागणंही जास्त कडक झालेलं, आणि २०१५ च्या त्यांच्याच पाठपुराव्यात किशोरवयातल्या गुन्ह्यांपर्यंत खुणा दिसल्या. भीतीदायक आहे, मान्य. पण हे तान्ह्या बाळांपासून चार वर्षांपर्यंतच्या पाळणाघरांबद्दल आहे, पाच वर्षांच्या बालवर्गाबद्दल नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच क्वेबेकने पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग पूर्ण दिवसाचा केला, त्याबद्दल हा दाखला देणारे चकार शब्द काढत नाहीत. आणि जागा इतक्या घाईने वाढवल्या की दर्जा तपासला तेव्हा बहुतेक ठिकाणं जेमतेम चालण्याजोगी निघाली, ना-नफा केंद्रं त्यातल्या त्यात बरी. याच्या उलट नॉर्वेने १९७५ च्या कायद्याने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकारी बालवाड्या वाढवल्या, ती मुलं मोठी झाल्यावर जास्त शिकलेली निघाली, सरकारी मदतीवर कमी अवलंबून. दोन्हीकडे सरकारी पैसा, दोन्हीकडे सगळ्यांना दार उघडं, निकाल उलटे. मग तासांचा आणि सरकारी पैशाचा दोष कसा काय? खोलीत मुलांबरोबर कोण होतं आणि काय चाललं होतं, यानेच फरक पडला असणार ना?

म्हणूनच कॅनडातल्याच ओंटारियो प्रांताची गोष्ट मला जास्त कामाची वाटते. चार्ल्स पास्कल यांचा अहवाल २००९ मध्ये आला, २०१० च्या सप्टेंबरपासून चार आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवस सुरू झाला तो टप्प्याटप्प्याने, आणि २०१४ मध्ये सगळीकडे पोचला. एकदम नाही, चार-पाच वर्षं घेऊन. आणि नेहमीच्या वर्गात मोठी माणसं दोन, एक शिक्षिका आणि एक बालशिक्षणाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली. सरासरी २६ मुलं. खर्च वर्षाला सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर, म्हणजे थोडाथोडका नाही. मधेच २०१२ ला डॉन ड्रमंड यांच्या आयोगाने सांगितलं की राज्य कर्जात आहे, हे बंद करा, आणि बंद करणार नसाल तर निदान दोनऐवजी एकाच शिक्षकावर भागवा. सरकारने ते ऐकलं नाही हे नशीब. कारण बारकाईने बघा, खर्च कमी करायचा म्हटला की कात्री पहिली कुठे जाते? तासांवर जात नाही, तास दाखवायला लागतात, निवडणुकीत सांगायला लागतात. कात्री जाते दुसऱ्या माणसावर. एका बाईवर सव्वीस चार-पाच वर्षांची मुलं सहा तास, मग त्या बाई काय करणार, रांग लावणार, गप्प बसवणार, वर्कशीट देणार. तिथून टेनेसी फार लांब नाही. (आणि तरी ओंटारियोतसुद्धा त्या दुसऱ्या बाईंचा पगार शिक्षिकेपेक्षा बराच कमी आहे, एकाच खोलीत, त्याच मुलांबरोबर, तेच नाक पुसत. त्यावर समर्थक फारसं बोलत नाहीत.)

तिसरा मुद्दा विरोधकांचा नाही, तो माझाच म्हटलं तरी चालेल, की बालवर्गाची पहिली इयत्ता झालीय. डॅफ्ना बासोक आणि सहकाऱ्यांनी १९९८ आणि २०१० मधल्या अमेरिकन बालवर्ग शिक्षकांची उत्तरं शेजारी ठेवली. बालवर्गातच मुलाला वाचता आलं पाहिजे असं मानणारे १९९८ मध्ये ३१ टक्के, २०१० मध्ये ८० टक्के. बारा वर्षांत मुलांचा मेंदू बदलला का? त्याच काळात चित्रकला, संगीत, वाळू-पाण्याचे कोपरे, मनासारखं काही निवडून करायचा वेळ हे सगळं कमी झालं आणि पुस्तकं, वर्कशीटं वाढली. विरोधक म्हणतात बघा, तास वाढवले की हेच होणार, मोकळा तास दिसला की कुणीतरी त्यात अक्षरं कोंबणार. ही भीती खोटी नाही. पण हा अभ्यासाचा रेटा वरून आलाय, परीक्षांतून आलाय, आणि तो अर्ध्या दिवसाच्या वर्गालाही सोडत नाही. उलट अर्ध्या दिवसात काय होतं ते जरा डोळ्यासमोर आणा. अडीच तास. मुलं आली, जाकिटं-बुटं काढली, हजेरी, शू, हात धुणं, खाऊ, परत हात धुणं, परत जाकिटं-बुटं. यातून साधारण दीड तास हाताला लागतो आणि वरून सांगितलंय की वर्ष संपायच्या आत वाचता आलं पाहिजे. मग सगळ्यात आधी काय उडणार? खेळ उडणार, बाहेर नेणं उडणार, एका रडणाऱ्या पोराजवळ दहा मिनिटं बसणं उडणार. चार-पाच वर्षांच्या मुलाला एखादं काम सुचायलाच अर्धा तास लागतो, ठोकळे काढले, भांडण झालं, भांडण मिटलं, आता कुठे पूल उभा राहतोय तोवर आवरा-आवरा. लांब दिवसात निदान तो पूल पूर्ण व्हायची शक्यता असते. शक्यता म्हणतेय, खात्री नाही, खात्री हवी असेल तर वेळापत्रकातच लिहावं लागेल की इतका वेळ खेळ, इतका वेळ बाहेर, जेवणानंतर पडून राहायची सोय, आणि यात वर्कशीट शिरलं तर मुख्याध्यापकांना जाब विचारला जाईल.

इथे कुणीतरी हमखास फिनलंड काढतं. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तरी मुलं किती हुशार, तेव्हा लहानांना घरी राहू द्या. या वाक्याचा पहिला भाग खरा आणि 'तेव्हा' पासून पुढचा सगळा मनाचा. फिनलंडमध्ये १९९६ पासून शाळेच्या वयाखालच्या प्रत्येक मुलाला पालिकेच्या बालसंगोपनाचा हक्क आहे, सहा वर्षांच्या मुलांना २०१५ पासून पूर्वप्राथमिक वर्ष सक्तीचं आहे, त्याचे वर्षाला किमान ७०० तास म्हणजे दिवसाला चार तासांसारखे, आणि उरलेल्या वेळेत ते मूल बालसंगोपनात राहू शकतं. बाकीचा दिवस कुठे जायचं हा प्रश्न तिथे पालकांच्या गळ्यात मारलेला नाही. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने ज्या मुलाचे आई किंवा वडील घरी आहेत त्यांचा पूर्ण दिवसाचा हक्क आठवड्याला २० तासांवर आणायची मुभा पालिकांना दिली, तर २०२० मध्ये पुढच्या सरकारने तो हक्क सगळ्यांना परत दिला. म्हणजे फिनलंडकडून शिकायचंच असेल तर दोन गोष्टी एकत्र शिकाव्या लागतील, वाचनाची घाई नको आणि दिवस मात्र पूर्ण. आपल्याला त्यातली स्वस्त गोष्ट तेवढी हवी असते.

आता कुटुंबाचा मुद्दा, सगळ्यात जुना आणि सगळ्यात भावनिक. मूल वाढवणं हे घराचं काम, सरकारचं नाही. बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, कल्पना काढणाऱ्या फ्रेबेलच्या वर्गांवर जर्मनीतल्या प्रशिया राज्याने १८५१ मध्ये बंदी घातली होती, मुलं नास्तिक आणि समाजवादी होतील या धास्तीने, ती १८६० पर्यंत टिकली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी बालसंगोपनाचा मोठा कायदा मंजूर केला तर निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, कारण काय तर यामुळे कुटुंबाऐवजी सामूहिक संगोपनाला सरकारचं वजन मिळेल. पण त्याच देशाने १९४३ ते १९४६ या काळात लॅनहॅम कायद्याच्या पैशातून दिवस-दिवसभर चालणारी पाळणाघरं काढली होती, कारण पुरुष आघाडीवर आणि कारखान्यात बायका लागत होत्या. तेव्हा कुटुंब मोडलं नाही का? युद्ध संपलं, पुरुष परत आले, पाळणाघरं बंद, आणि मग आईची जागा घरात हे परत आठवलं. राष्ट्राला बाईचे हात लागले की मूल दिवसभर बाहेर चालतं, बाईला स्वतःला लागलं की नाही! पश्चिम जर्मनीत बालवर्ग आणि शाळा दुपारी सुटायच्या कारण आई घरी असणार हे गृहीतच धरलेलं, पूर्व जर्मनीत उलट. एकत्र झाल्यावर हळूहळू पश्चिमेलाच पूर्वेकडे सरकावं लागलं, १९९६ पासून तीन वर्षांवरच्या मुलाला जागेचा हक्क, २०१३ पासून एक वर्षावरच्या, आणि प्राथमिक शाळेत पूर्ण दिवसाचा हक्क २०२६ पासून पहिलीपासून चढत्या क्रमाने.

अर्धा दिवस स्वस्त आहे असं जे म्हणतात ते अर्धाच हिशेब मांडतात. दुपारनंतरचं बिल कुणीतरी भरतंच, आई अर्धवेळ नोकरी करून भरते, आजी गुडघे दुखत असताना भरते, शाळेतून परतलेली नऊ वर्षांची बहीण भरते. ते सरकारच्या बजेटमध्ये दिसत नाही इतकंच. ज्या आईला किंवा बाबाला खरोखर मुलाबरोबर घरी राहायचंय आणि राहता येतंय त्यांना पूर्ण मुभा असावी, दुपारी येऊन मूल घेऊन जावं, कुणी कपाळाला आठी घालू नये. पण ज्यांना तसं राहताच येत नाही त्यांना त्यांच्या निवडीचं स्वातंत्र्य म्हणून अर्धा दिवस देणं ही थट्टा आहे.

मग शेवटचा आणि हिशेबी लोकांचा सर्वात चांगला मुद्दा, फायदा गरिबांच्या मुलांना जास्त होतो तर फक्त त्यांनाच द्या, श्रीमंतांच्या पोरांवर करदात्यांचा पैसा कशाला. हेकमन यांचाही कल साधारण तिकडेच आहे आणि आकडे त्या बाजूने आहेत हे मी मान्य करते. तरी मला हे पटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे जे मांडलं ते आठवून बघा, शेतकऱ्याच्या घामाच्या करातून वरच्यांचं शिक्षण चालतं आणि खालच्यांपर्यंत प्राथमिक शाळाही पोचत नाही. त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, फक्त निवडक गरिबांसाठी खास वर्ग मागितला नाही. पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये बिल आणलं, तेही किती सावध, सहा ते दहा वयापुरतं, आधी फक्त मुलग्यांसाठी, तेसुद्धा ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल तिथे. तरी १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कारणं काय होती? पैसा नाही, लोकांची मागणी नाही, आईबापांच्या अधिकारात ढवळाढवळ, आणि शेतावर कामाला पोरं मिळणार नाहीत ही जमीनदारांची काळजी. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं आज बालवर्गाच्या वादात शब्दशः ऐकू येतं. आणि फक्त गरिबांसाठी म्हणून काढलेल्या सोयीचं काय होतं हे कुणाला वेगळं सांगायला हवंय? उत्पन्नाचा दाखला आणा, मर्यादेपेक्षा थोडं जास्त असेल तर बाहेर, पगार वाढला तर पुढच्या वर्षी मूल काढा, आणि ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो त्यांची मुलं तिथे नाहीत म्हणून दुसऱ्या बाईंचं पद रिकामं राहिलं तरी कुणी ओरडत नाही. डॉक्टरची आणि ड्रायव्हरची मुलगी एकाच वर्गात असली की छत गळल्यावर फोन लवकर जातो. हे काही उदात्त कारण नाही, पण सरकारी सेवा टिकतात त्या अशाच.

एवढं सगळं बोलून चार वर्षांच्या मुलांबद्दल माझ्या मनात थोडी कुरकुर राहतेच. पाच वर्षांच्या मुलाला सहा तास जमतात याबद्दल मला फारशी शंका नाही, चार वर्षांच्यात मात्र मूल आणि मूल यात प्रचंड फरक असतो, काही दुपारी दोनला पेंगतात, काहींना इतक्या मुलांत इतका वेळ राहिलं की रडूच फुटतं. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी दुपारी घरी नेण्याची सोय नियमातच हवी आणि झोपेची जागा हवी, मेहेरबानी म्हणून नको. आणि पैसे कमी असतील तर सगळ्या शाळांत एकदम एक-एक बाई देऊन फोटो काढण्यापेक्षा गरज जास्त तिथून सुरुवात करून दोन-दोन माणसांसकट पाच वर्षांत सगळीकडे जा, ओंटारियोला जमलं ते इतरांना न जमण्याचं कारण नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुठलं सरकार पूर्ण दिवसाची घोषणा करेल तेव्हा किती तास आणि किती डॉलर परत येणार यावर भांडत बसण्याआधी बजेटमधली एक ओळ काढून बघा, प्रत्येक वर्गात मोठी माणसं किती आणि दुसऱ्या माणसाला पगार किती. ती ओळ रिकामी असेल तर मी विरोधकांच्या रांगेत येऊन उभी राहीन.